हात वर न करणारे भाऊजी

वर्धा जिल्ह्यात हात न दाखवता एसटी थांबेल अशी आशा धरून रस्त्याच्या कडेला उभा राहणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. सेलूच्या फाट्यावर बघा, वर्ध्याच्या बाहेर बघा. दोन्ही हात पाठीमागे बांधून, बांधकामाची पाहणी करायला आलेल्या साहेबासारखे आमचे भाऊजी उभे असतात. ड्रायव्हरला वाटतं, म्हातारा हवा खातोय. गाडी निघून जाते. भाऊजी तिच्या धुळीत शांतपणे उभे राहतात आणि मला सांगतात, "पाह्यलं होतं त्यानं मले. नजरानजर झालती." आता नजरानजर झाली म्हणून थांबायला ती एसटी आहे, सोयरीक नव्हे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. ते पुढच्या गाडीची वाट बघतात आणि पुढची गाडीही त्यांच्याशी नजरानजर करून निघून जाते.

बरं, एसटीचं एक सोडा. हॉटेलात बसले तर पोऱ्याला हात करून बोलावणार नाहीत. पाण्याचा ग्लास रिकामा होऊन वाळून जाईल, पण हे त्या ग्लासाकडे टक लावून बसतील. पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकायच्या, तर त्याही कमरेच्या वर हात न नेता. त्यांच्या सगळ्या अक्षता पुढं बसलेल्या माणसाच्या कॉलरमध्ये गेल्या आणि तो बिचारा मंगलाष्टकं संपेपर्यंत पाठ खाजवत राहिला. ग्रामसभेत ठरावाला हात वर करायची वेळ आली की हे उठून उभे राहतात आणि म्हणतात, "मी हाव म्हंजे हाव, असं लिहून घ्या." कुणी पाया पडलं तर आशीर्वाद तोंडी. ज्यांना ठाऊक नाही त्या पाहुण्यांना वाटतं, या माणसाच्या उजव्या अंगाला लकवा मारला आहे. एका दूरच्या मामानं तर खास तेल पाठवलं होतं. भाऊजींनी ते तेल मुकाट्यानं गुडघ्याला लावलं आणि गुण आला म्हणून कळवलं.

मी त्यांचा साळा. एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, ते त्याच जिनिंगमध्ये मुकादम होते. म्हणजे घरी बहिणीचं ऐकायचं आणि कामावर तिच्या नवऱ्याचं, असं माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्यामुळे या माणसावर चिडण्याचा माझा हक्क कायदेशीर आहे, आणि तो मी बजावत असतो. पण त्यांचा हात खाली का राहतो हे सांगायचं तर आधी तो वर कसा असायचा ते सांगितलं पाहिजे.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. गाड्या येतात, माझ्या काट्यावर वजन होतं, अंगणात कापसाची गंजी लागते, आणि तिथून एक लांबलचक पट्टा कापूस घेऊन आतल्या यंत्रांकडे जातो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या असतात. त्या कापसातली सुतळी, पाला, खडे वेचून काढतात. आत आवाज इतका की शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी त्याचं फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून सगळा कारभार खुणांवर. भाऊजींनी मुकादम झाल्यावर बाकीच्या खुणा रद्द केल्या आणि एकच ठेवली. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेला की पट्टा थांबणार, खाली आला की चालणार. पट्ट्याच्या टोकाला लाल बटण होतं आणि बटणाजवळ दशरथ नावाचा माणूस होता, पण बटण आणि दशरथ ही दोन्ही फक्त निमित्तं. पट्टा चालायचा भाऊजींच्या हातावर.

आणि तो हात होताही तसा. उंच माणूस, लांब बाही, मनगटावर लाल धागा. तो हात वर गेला की एवढा मोठा कारखाना गप्प व्हायचा. असं सुख रोज मिळायला लागलं की माणूस बिघडतो. भाऊजी तो हात घरी आणायला लागले. जेवताना पोरं भांडली की हात वर. पोरांचा घास तोंडात तसाच. पंगतीत हात वर; वाढप्या वरणाची बादली घेऊन पुतळा. एकदा चंद्रपूरकडचं लग्न आटोपून परत येताना आमची जीप जाम गावाजवळ बंद पडली. तिथं न थांबणारी एक जलद एसटी भरधाव आली. भाऊजी रस्त्याच्या मधोमध गेले आणि त्यांनी हात वर केला. ब्रेक लागून गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "साहेब, चेकिंगचे का जी?" भाऊजी म्हणाले, "जिनिंगचा मुकादम." त्या कंडक्टरनं आम्हाला बसायला जागा करून दिली. पुढं वर्धा येईपर्यंत भाऊजी सगळ्या गाडीला सांगत होते की माणसाच्या हातात जरब पाहिजे, मग काही करावं लागत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला होता. आजही तो प्रसंग आठवला की हसू येतं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटतं.

एक दिवस पट्ट्यावर आख्खं रिकामं पोतं आलं. आत यंत्रात गेलं असतं तर घोटाळा. दशरथनं ते पाहिलं आणि आपणहून बटण दाबलं. पट्टा थांबला. भाऊजी गंजीजवळ होते, ते धावत आले. "कोणं थांबवला?" दशरथ म्हणाला, "पोतं होतं जी." भाऊजी म्हणाले, "पोतं मले दिसते. मुकादम तू हायेस का मी हाव?" मग त्यांनी पट्टा पुन्हा सुरू करवला. पोतं पुढं निघालं. भाऊजींनी ऐटीत हात वर केला, दशरथनं बटण दाबलं, पट्टा थांबला, भाऊजींनी पोतं उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. पोतं तेच, बटण तेच, दशरथ तोच. फक्त त्यांचा हात मधे आला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी काट्यावरून बघत होतो, मीही हसलो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर दशरथ स्वतःच नक्कल करून दाखवत होता, मुकादम तू का मी म्हणून. त्यानंतर त्यानं मुकादमाच्या हाताशिवाय बटणाला बोट लावलं नाही. भाऊजी अभिमानानं सांगायचे, एकदाच समजावलं, पुन्हा सांगावं नाही लागलं.

पट्ट्यावरच्या बायांत सुमन होती. हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या वस्तीतली गोंडाची पोरगी. लग्न झालेली, घरी सासू. हाताला इतकी चलाख की तिच्या पुढून गेलेल्या कापसात कचरा राहायचा नाही. साडीवर पुरुषी शर्ट घालायची, सगळ्याच बाया घालतात, कापसाची खाज लागू नये म्हणून. त्या दिवशी शेठकडे बाहेरगावचे व्यापारी पाहुणे आले होते. भाऊजी त्यांना जिनिंग दाखवत होते. पट्ट्याकडे पाठ करून, पाहुण्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते सांगत होते, "इथं माह्या हाताशिवाय पट्टा चालत नाई आन् थांबत बी नाई."

पट्टा ज्या गोल रुळावरून फिरतो, त्या रुळाला सुतळी गुंडाळली गेली होती. सुमन ती ओढून काढायला गेली. सुतळीनं तिची बाही धरली आणि रुळानं सुतळी. ती ओरडली, पण त्या आवाजात ओरडणं म्हणजे काय, फक्त तोंड उघडलेलं दिसलं. शेजारच्या बायांनी पाहिलं. दशरथनं पाहिलं. त्याचं बोट बटणावर होतं. आणि त्या सगळ्यांनी, एकजात सगळ्यांनी, मान वळवून भाऊजींच्या हाताकडे बघितलं. भाऊजींची पाठ होती. हात खाली होता. पाहुण्यांपैकी एकाला त्या सगळ्यांचे चेहरे दिसले आणि त्यानं भाऊजींचा खांदा हलवला. भाऊजी वळले. त्यांनी पाहिलं. आणि धावण्याच्या आधी, ओरडण्याच्या आधी, त्यांनी काय केलं असेल तर उजवा हात वर केला. दशरथनं लगेच बटण दाबलं.

सुमनचा उजवा हात कोपरापासून गेला.

पुढं चौकशीला माणूस आला. त्यानं दशरथला विचारलं, बटण तुझ्याजवळ होतं, तुला दिसत होतं, मग का नाही दाबलं? दशरथ म्हणाला, "मुकादमाचा हात वर नव्हता जी." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. कुणी रस्ता विचारावा आणि आपण तो सांगावा, तसं त्यानं सांगितलं. भाऊजी तिथंच उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि उजव्याला डाव्यानं धरलं. ते तेव्हापासून तसेच आहेत. कागदोपत्री दोष रुळाला जाळी नव्हती याचा निघाला, आणि ते खरंही होतं. जाळी बसली. सुमनला कायद्यानं जे द्यायचं ते दिलं गेलं. भाऊजींना कुणी एका शब्दानं बोललं नाही. मला वाटतं, कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्या माणसाला बरं वाटलं असतं.

शेठचा मुलगा शिकलेला. त्याला वाटलं, मुकादमांना प्रशिक्षण दिलं पाहिजे. वर्ध्यात एका हॉलमध्ये नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा होती, तिथं त्यानं भाऊजींना पाठवलं, आणि सोबत म्हणून मला. कानाला माइक लावलेला एक गोरागोमटा तरुण आला होता. तो सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायचा आणि मग त्या टाळ्यांबद्दल आभार मानायचा. एक मोठा आरसा ठेवला होता. एकेकानं पुढं जायचं, आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, मी जन्मजात नेता आहे. पतसंस्थेच्या मॅनेजरनं म्हटलं, कॉलेजच्या प्राध्यापकबाईंनी म्हटलं, एका दुकानदारानं तर मिशीवरून हात फिरवून दोनदा म्हटलं. भाऊजी आरशापुढं गेले आणि उभेच राहिले. मागं रांग खोळंबली. शेवटी तो तरुण म्हणाला, "काका, काय दिसतंय?" भाऊजी म्हणाले, "सर, मागचं दिसन असा आरसा नाई का तुमच्याजवळ? माह्या पाठीमागंच झालं सारं." त्या तरुणाला वाटलं, काका काहीतरी फार खोल बोलले. त्यानं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. भाऊजी टाळ्या संपेपर्यंत तिथंच उभे होते. मला तिथून त्यांना उचलून घरी न्यावंसं वाटलं.

दुपारी त्यानं प्रत्येकाला आपली ताकद विचारली. कुणी म्हणालं वक्तृत्व, कुणी म्हणालं चिकाटी. भाऊजी म्हणाले, "लोकं माह्याकडे पाहत उभे राह्यतात, हे माही ताकद हाय. थे कमी कशी कराची, तेवढं सांगा." तो तरुण लगेच पुढच्या माणसाकडे वळला. पण जाता जाता त्यानं सगळ्यांना घरचा अभ्यास दिला, की आपल्या भोवतीच्या माणसांना आपली एकेक चूक विचारा आणि ऐकून घ्या. बाकीच्यांनी तो अभ्यास हॉलच्या पायऱ्यांवरच सोडला. भाऊजी तो घरी घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लागला.

त्यांनी आधी न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, "तुमी मान लय हालवता." भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, "भेंडी मोडून पाह्यता आन् घेत नाई." एसटीच्या कंडक्टरला विचारलं, त्यानं आधी उतरायला सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की तुमची एकच चूक आहे, तुम्ही मला हा प्रश्न विचारता. आमच्या ताईला विचारलं. तिला इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरातून सुरू झाली ती अंगणात आली, अंगणातून माजघरात, मधे तिनं भाऊजींनाच पाणी मागितलं आणि पुन्हा सुरू झाली. भाऊजी मान डोलवत ऐकत होते. "हे बरोबर हाय," मधेच म्हणायचे, "हे बी बरोबर हाय." शेवटी ताईच रडायला लागली. म्हणाली, "जाऊ द्या नं जी आता. सारं जग आपलीच चूक म्हणून कायले घेऊन बसता?"

पण जिनिंगमध्ये त्यांनी विचारलं तेव्हा वेगळंच झालं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक जण म्हणाली, "तुमचं काई चुकत नाई भाऊ." दुसरी म्हणाली, "तुमी देवमाणूस हा." दशरथ जमिनीकडे बघत होता. भाऊजी काट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "पाह्य. एवढं झालं तरी सांगत नाई. हेच चुकलं माहं, साळेबुवा." त्यांचा चेहरा असा पडला होता की मला थट्टा सुचली नाही.

मग त्यांनी ठरवलं की पट्टा त्यांच्याशिवाय थांबला पाहिजे. ज्याला धोका दिसेल त्यानं थांबवावा, का थांबवला ते मागून सांगावं, नाही सांगितलं तरी चालेल. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या माणसांच्या माना वर्षानुवर्षं एकाच बाजूला वळल्या होत्या. भाऊजींचा हात पाठीमागे, म्हणून लोक खांद्याकडे बघायला लागले. ते पाठ करून उभे राहिले, तर बाया पुढं येऊन खांद्यावर टकटक करायच्या, "थांबवू का जी?" एकदा ते शिंकले आणि पट्टा थांबला. एकदा त्यांनी टोपी सारखी केली आणि पट्टा थांबला. मग टोपी गेली. सकाळी काम सुरू होण्याआधी ते एकेकाला बटणापाशी न्यायचे आणि दाबायला लावायचे. बाया आधी बटणाला हात लावून नमस्कार करायच्या. "पाया नको पडू वो माय, दाब त्याले," भाऊजी काकुळतीनं म्हणायचे. ती दाबायची आणि दाबता दाबता त्यांच्याकडेच बघायची.

शेठ वैतागला. पट्टा थांबला की आतली यंत्रं रिकामी फिरतात. त्यानं भाऊजींना दोनतीनदा बोलावून समजावलं. भाऊजी म्हणाले, "हा एक हंगाम द्या मले." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आत उभं राहणंच बंद केलं. बाहेर माझ्या काट्याजवळ कडुनिंब आहे, त्याखाली खुर्ची टाकून, जिनिंगच्या दाराकडे पाठ करून बसायचे. नुसतं बसायचं नाही, ऐकायचं. पट्ट्याचा आवाज त्यांना इतर आवाजांतून वेगळा ऐकू यायचा. मधून मधून कुणी बाहेर पळत यायचं, "मुकादम, कापसात बाभळीचा काटा आला, थांबवू का?" भाऊजी डोळे मिटून घ्यायचे. उत्तर द्यायचे नाहीत. विचारायला आलेला माणूस घुटमळायचा आणि परत जायचा. तोवर काटा कुठल्या कुठं गेलेला असायचा. "आज काटा गेला," भाऊजी म्हणायचे, "उद्या कोणाचा हात जाईन तवाही हे मले इचाराले येतीन." ते रागानं नव्हे, घाबरून म्हणायचे. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

हंगाम सरत आला होता. ऊन चढलं होतं. मी एका गाडीचं वजन करत होतो आणि एकाएकी काहीतरी वेगळं वाटलं. काय ते मला कळेना. भाऊजी खुर्चीत ताठ झाले होते. पट्टा थांबला होता. मी दाराकडे बघितलं. कुणी बाहेर आलं नाही. कुणी विचारायला आलं नाही. थोड्या वेळानं पट्टा पुन्हा सुरू झाला. मी उठून आत जायला निघालो तर भाऊजींनी डाव्या हातानं माझी बाही धरली. "जाऊ नको," म्हणाले. "आपण गेलो तं पुन्हा आपल्याकडे पाह्यतीन." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी उजवा हात वर नेला नाही, मान वाकवून खांद्याला डोळे पुसले. संध्याकाळी मला कळलं की एका नव्या बाईचा पदर रुळाच्या जाळीपाशी गेला होता. नुसता गेला होता, अडकलाही नव्हता. बटण दशरथनं दाबलं होतं. मी त्याला टपरीवर विचारलं, "मुकादमाला का नाही विचारलं?" तो म्हणाला, "सुचलंच नाई जी." आणि चहा न पिताच घरी गेला.

त्यानंतर पट्टा आठवड्यातून दोनचारदा थांबायचा आणि सुरू व्हायचा, आणि भाऊजी झाडाखाली बसलेले असायचे. शेठ माणूस वाईट नाही, पण त्याला डोळे आहेत. हंगाम संपताना त्यानं भाऊजींना बोलावलं. "मुकादम," तो म्हणाला, "तुमच्याबिगर पट्टा चालून राह्यला, तुमच्याबिगर थांबून राह्यला. मंग पुढच्या साली तुमाले कायले ठेवू, तुमीच सांगा." भाऊजींनी मान डोलवली. ते बाहेर माझ्याकडे आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "पास झालो, साळेबुवा." मला शेठचा इतका संताप आला की मी काट्याची खुर्ची सोडून निघालो होतो, भाऊजींनीच परत बसवलं. पुढच्या वर्षी दशरथला मुकादम केलं. कार्यशाळेच्या त्या तरुणाला हे कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यानं याही गोष्टीला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

आता भाऊजींना काम नाही. बाजाराच्या दिवशी ते सुमनकडे जातात, हे अपघातापासून चुकलेलं नाही. बाजारातून तिच्यासाठी काही घेतात, वस्तीवर पोचतात, ओट्यावर बसतात. सुमन काळा चहा देते. डाव्या हातानं चूल पेटवते, काटक्या पायाखाली धरून मोडते. भाऊजी ते बघतात. मग विचारतात, "माह्याबद्दल काई सांगाचं असन तं सांग, माय." सुमन कप उचलून आत जाते. आत तिची सासू गोंडीत काहीतरी मोठमोठ्यानं बोलत असते. भाऊजींना त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्यांची समजूत होती की म्हातारी त्यांना शिव्या घालते, आणि त्यामुळे त्यांना तिथं बसायला जरा बरं वाटायचं. मी वस्तीतल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, म्हातारी काय बोलते? तो म्हणाला, ती सुनेला म्हणते की या माणसाला लवकर वाटेला लाव, याची गाडी दर वेळी चुकते, मग हा हिंगणीपर्यंत पायी जातो, जंगलाचा रस्ता आहे. मी हे भाऊजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "शिव्या नाई देत?" त्यांनी विचारलं.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे फार दुखत होते म्हणून ताईनं मला सोबत पाठवलं. नेहमीसारखं सगळं झालं. चहा झाला. प्रश्न झाला. सुमननं कप उचलले. आम्ही उठलो तेव्हा मात्र ती ओट्यावर थांबली नाही, डोक्यावर पदर घेऊन आमच्या मागं रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं, तिला पुढं कुठं जायचं असेल. उन्हं कलली होती. वळणावर एसटी दिसली. भाऊजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ड्रायव्हरशी नजरानजर करायला सुरुवात केली. मी सोबत असलो की त्यांच्या मागून गुपचूप हात दाखवतो, तसा दाखवणारच होतो. पण सुमन माझ्या पुढं गेली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं डावा हात वर केला. खांद्याच्या वर, सरळ. गाडी थांबली.

भाऊजी जागचे हलले नाहीत. ते त्या वर केलेल्या हाताकडे बघत होते. कंडक्टर दारातून ओरडला, "चालता का जी?" सुमननं हात खाली घेतला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघून बोलली. "तुमी इचारता नं दर बजारी, काय चुकते म्हणून. हेच चुकते, भाऊ. गाडीले हात दाखवत जा. लोकाईले समजत नाई तुमाले थांबवाचं हाय ते." मग म्हणाली, "येजा पुढच्या बजारी."

गाडीत ते खिडकीशी बसले आणि वर्धा येईपर्यंत मागं वळून रस्त्याकडे बघत राहिले. घरी ताईनं विचारलं, "आज लवकर आले? गाडी भेटली का?" भाऊजी म्हणाले, "सुमननं थांबवली." ताई माझ्याकडे बघायला लागली. भाऊजी अंगणातल्या खाटेवर बसले, उजवा हात मांडीवर घेतला, आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे त्याच्यावरून डावा हात फिरवत राहिले.